साल्हेरवर नेलेला स्टोव्ह

मित्रांनो, जरा मान वर करा आणि माळ्याकडे बघा. फुटका टप आणि जुना आकाशकंदील यांच्या मधे जो काळा पडून बसला आहे, तो मी. पंपाचा स्टोव्ह. मी पितळेचा आहे हे आता मलाच सांगावं लागतं, कारण गेल्या दोन वर्षांत मला कुणी चिंच लावलेली नाही. बोलायचाही कंटाळा आला आहे. पण तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

कमळाबाईने मला साक्रीच्या बाजारातून आणलं, एकोणऐंशी साली. तीन दुकानं हिंडली, प्रत्येक स्टोव्हला पंप मारून पाहिला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावून मगच मला उचललं. नवरा गेल्यावर मुलीला आणि मला घेऊन ती सिल्वासाला आली. इथे नवे कारखाने उघडत होते आणि आमच्या खानदेशातली पोरं पोटासाठी इकडे येत होती. आमली वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या घेऊन तिने खानावळ काढली. भाकरी चुलीवर आणि कालवण माझ्यावर. चाळीस माणसं जेवायची. मावशीच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणायचे. हाताखाली कोण जळत होतं, ते कुणी विचारलं नाही.

मला गर्व होता तो माझ्या आवाजाचा. मी पेटलो की बोलणाऱ्याचं बोलणं शेजारच्याला कळत नसे.

हा आवाज दुर्गाने बरोबर हेरला. दुर्गा म्हणजे कमळाबाईची मुलगी, बावीस वर्षांची, खानावळीत वाढायचं काम तिचं. अनंत मास्तर कोकणातला, इथल्या सरकारी शाळेत शिकवायचा. शाळा सुटली की सगळ्यांच्या मागून जेवायला यायचा. त्या वेळी कमळाबाई पलीकडच्या खोलीत जरा पाठ टेकायची. मधे फक्त पत्रा. दुर्गा मग वर भांडं न ठेवताच मला पेटवायची, चार पंप जास्त मारायची आणि माझ्या घरघरीच्या आडोशाला दोघं बोलत बसायची. रॉकेल जळायचं रेशनचं. तरी मी हौसेने जळायचो. तरुण माणसांच्या कामी येतोय, एवढ्यानेच मी फुगलो होतो.

कमळाबाईने दुर्गाला नणंदेच्या मुलाला द्यायचं कबूल केलं होतं. मास्तरने एकदा धीर करून तिला विचारलं. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि जेवून घ्या, असं म्हणून पाठ फिरवली. तेव्हा दोघांनी पळून जाऊन लग्न करायचं ठरवलं.

पण जायचं कुठे? सिल्वासात असा कारखाना नव्हता, जिथे कमळाबाईच्या हातचं जेवलेला माणूस नाही. साक्री, नवापूर, पिंपळनेर, सगळीकडे तिची सोयरीक. मास्तरच्या घरचेही दार उघडणार नव्हते. असे आठ-दहा दिवस गेले. मग एकदा झिपरू जेवता जेवता आपल्या गावच्या गोष्टी सांगू लागला. हा झिपरू गलोंड्याच्या सूत कारखान्यात होता, गाव साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी. एवढा उंच किल्ला मुलखात दुसरा नाही म्हणाला. पायऱ्या कातळात खोदलेल्या, एकेक गुडघाभर उंच. वर वारा असा की उभा माणूस बसतो.

दुसऱ्या दुपारी दुर्गाने मला पेटवलं आणि मास्तरला म्हणाली, "तिथे करू लग्न. आईचे गुडघे तिथे चढायचे नाहीत."

मग महिनाभर बेत चालला. झिपरूचा काका गडावर पूजा करायचा, तो मंगलाष्टकं म्हणणार होता. वर कातळात खोदलेल्या गुहा आहेत, त्यातली एक वाऱ्याला पाठ करून आहे, ती झिपरूने जमिनीवर कोळशाने काढून दाखवली. कारखान्यातला वीस हात दोर आला. सिल्वासाच्या माणसाकडे स्वेटर कुठला असणार, म्हणून दोन घोंगड्या आल्या. अंतरपाटाला मास्तरचा पंचा. अडलं ते अग्नीवर. वर लाकूडफाटा नाही आणि खालून नेला तरी वाऱ्यात धड जळायचा नाही. मास्तर म्हणाला, निरांजन लावू.

दुर्गा म्हणाली, "आई येणार नाही. तिचा स्टोव्ह तरी येऊ दे."

मित्रांनो, मी तेव्हा मधेच भकभकलो. मास्तरला वाटलं, हवा कमी झाली.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी, कमळाबाई बाजाराला गेली असताना, मला पोत्यात घालून दोघं नाशिकच्या गाडीत बसली. पुढे सटाणा, तिथून जीप. त्या खड्ड्यांनी माझ्या पोटातला सगळा गाळ ढवळून निघाला. मुक्काम झिपरूच्या काकाकडे झाला आणि उजाडताच काकाच्या मागून चढाई सुरू. मी मास्तरच्या पाठीवर. मास्तरचं अंग खडूसारखं, दर दहा पायऱ्यांना टेकायचा. एके ठिकाणी घसरडी वाट होती. तिथे दोघं आधी वर गेली आणि मला दोराला बांधून ओढून घेतलं. मी कातळावर आपटलो. डाव्या अंगाला पोचा आहे बघा, तो तेव्हाचा.

गुहेत पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. मला तीन दगडांमधे बसवलं, रॉकेलात भिजवलेला काकडा पेटवून तापवलं, पंप मारला. मी नुसता धूर ओकला. तोंडाचं बारीक भोक गाळाने गच्च झालेलं. दुर्गाने पिनसाठी पिशवीत हात घातला, आणि तिचा हात तसाच राहिला.

पिन आमलीत होती. चुलीच्या वरच्या खिळ्याला.

महिनाभर बेत केला. दोर आठवला, घोंगड्या आठवल्या, पिन आठवली नाही. पिन रोज कमळाबाई मारायची, म्हणून. मग सुईने खुपसून झालं, सुई जाड. काटा घातला, तो आत मोडला. काका म्हणाला, सूर्य कलायला लागला, निरांजनावर उरकू. मास्तर हो म्हणाला. दुर्गा माझ्या टाकीवर हात ठेवून बसून राहिली. 

तेवढ्यात खालून कुणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं.

आधी एक हात पायरीवर आला, मग दुसरा. कमळाबाई चार पायांवर चढून आली होती. लुगड्याचा काचा खोचलेला, गुडघ्यांवर माती, मागे, वाट दाखवायला तिने धरून आणलेला, मान खाली घातलेला झिपरू. खानावळ काढल्यापासून पहिल्यांदा तिने दाराला कडी लावली होती.  ती माझ्यासमोर पाय पसरून बसली, कमरेच्या पिशवीतून पिन काढली आणि मुलीकडे न बघता म्हणाली, "स्टोव्ह न्यायचं सुचलं तुले, पिन नाही सुचली?"

दुर्गा रडायला लागली. तुला कसं कळलं, एवढंच तिने विचारलं.

"नऊ वर्षं त्याच्यापुढे बसते मी. भांड्याखालचा स्टोव्ह वेगळा वाजतो, रिकामा वेगळा. रोज दुपारी रिकामा वाजायला लागला, तशी मी मोरीच्या दाराशी, तुमच्या पाठीमागे येऊन उभी राहायला लागले. त्याच्यापुढे बोलायचं तर तुम्हालाही मोठ्यानेच बोलावं लागतं." मग ती मास्तरकडे वळली. "आणि तुम्ही हो मास्तर, माझ्या गुडघ्यांवर बेत आखता?"

 तिने पिन मारली, आतला काटा उडवला, पंप मारला. मी पेटलो.

"हा येणार आणि मी नाही," ती म्हणाली, पण माझ्या आवाजात ते बहुतेक कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

दोघांनी माझ्याभोवती सात पावलं टाकली. मी गुपित राखतो असा माझा गर्व होता, आणि सांगून बसलो होतो मीच. त्याची लाज वाटत होती, तरी तेवढं चांगलं मी पुन्हा कधी जळलो नाही.

उतरताना कमळाबाईला पायच उचलेना. मास्तरने आणि झिपरूने तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं, आणि ती झोळीतून दोघांना पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहिली. नणंदेने त्यानंतर तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. ते तिला लागलं, पण तिने कुणाला दिसू दिलं नाही. गुडघे मात्र कायमचे गेले. तरी आठ वर्षं स्टुलावर बसून तिने माझ्यावर कालवण केलं. शहाण्णव साली ओटा झाला, गॅस आला आणि मी इथे चढलो.

आता दुर्गा रविवारी मुलांना घेऊन येते. गॅस मुकाट जळतो. काही नाजूक बोलायचं असलं की दुर्गा नळ सोडते, आणि कमळाबाई ओरडते, पाणी वाया घालवू नकोस, बोल काय ते.

परवा मास्तर म्हणाला की मला भंगारात देऊन टाकू. कमळाबाईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मास्तरने ती कालवणात कुस्करली.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर असा कुणी असेल. भंगारवाला बोलावण्याआधी त्याला खाली काढा, पुसा, पिन मारून बघा. पुष्कळदा नुसता गाळ अडकलेला असतो. आणि पिन सापडत नसेल तर आमच्याकडे या. गॅसला पिन लागत नाही हे कमळाबाईला माहीत आहे, तरी पिन अजून त्याच खिळ्याला आहे.