सातवा हॉर्न

सुमंगलावयनीला, सगळ्या गावाच्या वहिनीला, मी हॉस्पिटलात शब्द दिला तो गंमत म्हणून. ती म्हणाली होती, "माका न्हेताना सातय ट्रकांचे हॉर्न वाजव. एक जरी कमी पडलो तर उठान बसतलंय." मी म्हटलं, चालेल. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि तिचा नवरा विठूकाका अख्ख्या मुळगावासमोर मला म्हणाला, हॉर्नांचं तू बघतोस ना रे गोकू?

बघायला ट्रक सात होते. बॅटरी एकातही जिवंत नव्हती.

खाणी बंद झाल्यापासून आमचे ट्रक स्मशानाच्या उतारावर ओळीने उभे आहेत. सगळ्यात खालचा आमचा, चाकांखाली दगड लावलेला. माझं लायसन आलं त्याच आठवड्यात खाणी बंद पडल्या. त्यामुळे एकही अपघात न केलेला ट्रक ड्रायव्हर म्हणून माझं नाव घेता येतं.

वयनीचा चहा-भजीचा गाडा वरच्या वळणावर होता. वळणापलीकडचा हॉर्न ऐकून ती कोण येतोय ते ओळखायची आणि ट्रक थांबेपर्यंत त्याची बशी तयार असायची. नारायणमामाला पातळ भाजी नि दोन उंडे पाव, माझ्या बाबांना बिनसाखरेचा चहा आणि वर साखरेच्या आजारावर भाषण. हसायची अशी की हातातला चहा समोरच्याच्या शर्टावर जायचा. गाडा हटवायला आलेल्या एका साहेबाने तिची भजी खाल्ली, उरलेली आपल्याच नोटिशीत बांधून घरी नेली आणि पुढच्या चतुर्थीला तिच्या गणपतीवरच्या माटोळीला टांगायला नारळ घेऊन हजर झाला. अशा बाईला दिलेला शब्द मोडला तर गावात राहायची सोय नाही, हे मला कळत होतं.

पाण्याच्या टँकरवाल्याच्या हातापाया पडून मी दोन बॅटऱ्या मिळवल्या. एका ट्रकाला दोन लागतात. जोडी एकच, म्हणून ती ट्रकामागून ट्रक फिरवायची असं ठरलं. बॅटऱ्या फळीवर बांधल्या आणि चौघांनी खांद्यावर घेतल्या. म्हणजे पुढे वयनी, मागे बॅटऱ्या. बॅटरीवाले जास्त वाकले होते. हळर्णहून उशिरा आलेल्या तिच्या एका म्हाताऱ्या मामाने फळीला हार घातला, नमस्कार केला आणि डोळे पुसले. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

पहिला हॉर्न वाजला तेव्हा माणसं रडली. दुसरा, तिसराही नीट वाजला. दर ट्रकापाशी तिरडी खाली टेकायची, नारायणमामा वायरी जोडायचा, आम्ही श्वास रोखायचो. चौथ्याला आवाज बसला. पाचवा बकरीसारखा आला. सहावा नुसता खोकला. भटजींनी दुपारी साखळी गावात असलेल्या पूजेची आठवण करून दिली, दोनदा. ऊन चढलं होतं.

सातव्याला, आमच्या ट्रकाला, टक् एवढंच झालं. मी परत दाबलं. तेवढंही नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. नारायणमामा म्हणाला की बॅटरी चार्ज व्हायला आठ तास लागतील. सहा पुष्कळ झाले, उचला, असं भटजींनी सुचवलं. विठूकाका तिरडीशेजारी रस्त्यावर मांडी घालून बसला.

"तिका खंयची घाई?" तो म्हणाला. "थांबया."

त्याने तिच्या कपाळावरची माशी हाकलली. त्या हाताकडे बघितल्यावर मला पुढे एकही विनोद सुचेना.

धक्का मारून इंजिन सुरू केलं तर हॉर्नला करंट मिळेल, असं मीच बोललो. नारायणमामाने मला वर चढवलं. दुसरा गियर टाक, क्लच दाबून धर, मी सांगितलं की सोड, तो म्हणाला. ढकलायला जागा हवी म्हणून तिरडी पंधरा पावलं पुढे, उताराकडे नेली. हा निर्णय कोणाचा होता यावर गावात अजून वाद आहे.

दगड काढले. साठ माणसांनी खांदा लावला. चाकं कुरकुरली, हलली, आणि मग माणसं मागे राहिली. नारायणमामा ओरडला. मी क्लच सोडला. ट्रकाने एक गचका दिला आणि इतक्या वर्षांनी इंजिन सुरू झालं. मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. ब्रेकला लागणारी हवा टाकीत भरायला वेळ लागतो, हे मला परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं.

समोर वयनी होती. तिच्याजवळ विठूकाका.

मी हॉर्न दाबला.

तो असा वाजला की चारही खांदेकऱ्यांनी मागे न बघता तिरडी उचलली आणि धावत सुटले. विठूकाका पासष्टीचा माणूस, तिरडीच्या पुढे धावत होता. सगळ्यात पुढे भटजी. मला फक्त तिचे पाय दिसत होते, दोन्ही अंगठे एकत्र बांधलेले, उडत चाललेले. अंतर दहा पावलं, मग सहा. ते उजवीकडे स्मशानाच्या फाटकात वळले. मी स्टिअरिंगवर सगळं अंग टाकून डावीकडे ओढलं आणि लाल मातीच्या बांधात बोनेटपर्यंत शिरलो. इंजिन सुरूच राहिलं आणि हॉर्नही, कारण माझा हात त्यावरून निघेना.

मग कोणीतरी पायरीवर चढलं. विठूकाका होता. धाप लागलेली, एक चप्पल गेलेली. त्याने खिडकीतून हात घालून माझी बोटं एकेक करून सोडवली.

"पुरो रे," तो म्हणाला. "आयकल्यान तिना."

आणि तिथेच, दाराला धरून, तो पहिल्यांदा रडला.