अकरा वेळा हरलेला बुधला

मी काचेचा बुधला बोलतोय. अरुंद मान, मानेपाशी बोट अडकवायला एक कान, आणि पोटात चार लिटरांना थोडी कमी जागा. मला पाहून कुणी थांबत नाही. पण पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामातली माणसं दरवर्षी मे महिन्यात फिनिक्स शहरात परिषदेसाठी जमतात, तिथे मी अकरा वेळा स्पर्धेला उतरलो आणि अकराही वेळा हरलो. एवढा अनुभव असलेलं भांडं तुम्हाला सहजी सापडायचं नाही.

माझा जन्म भट्टीतला. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि आठवतं म्हणणाऱ्या काचेवर विश्वास ठेवू नका. पहिली आठवण आहे ती पोटातल्या सफरचंदाच्या रसाची आणि मला दुकानातून उचलणाऱ्या रेफूहियो नावाच्या बाईच्या हाताची. तिला सगळे कूका म्हणतात. नाताळात रस संपला, तेव्हा तिनं मला धुऊन पुसून सुका घेवडा भरला आणि शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिथून मला घरातलं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं.

कूकाचा नवरा एउसेबियो सेलाया, म्हणजे चेबो, हा पोसो व्हिएहो गावाचा पाणीवाला. दोन विहिरी, टेकडीवर एक टाकी आणि जमिनीखालचे जुने नळ, एवढा त्याचा संसार. वाळवंटातल्या गावात पाणीवाल्याला मान असायला हवा. चेबोला तो होताही, नातीच्या बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी अंगणात पन्नास पाहुणे होते. कूकानं लिंबाच्या सरबतासाठी नळाखाली मोठं पातेलं धरलं आणि नळातून विटकरी रंगाचं पाणी आलं. खाली मोठा नळ फुटला होता. चेबो नव्या कोटावरच धावला, अकरा तास खड्ड्यात उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पहिल्यासारखं स्वच्छ झालं. पण पातेलं पाहुण्यांनी पाहिलं होतं. कूकाची मान खाली गेली ती गेलीच. त्यानंतर तिनं नळाच्या पाण्यानं भांडी घासली, फरशी पुसली, पण तोंडाला ते लावलं नाही.

मग शनिवारची फेरी सुरू झाली. पेट्रोल पंपाशेजारी पैसे टाकून पाणी घ्यायचं यंत्र आहे. गावाचा पाणीवाला टोपी डोळ्यांवर ओढून तिथे जायचा आणि बायकोसाठी दोन मोठे कॅन भरून आणायचा. टोपीचा काही उपयोग नव्हता, कारण त्याची गाडी सगळं गाव ओळखत होतं. तो तिला कधी बोलला नाही. मला त्याची फार दया यायची.

एका वसंतात त्यानं माझ्यातला घेवडा पातेल्यात ओतला आणि मला उचललं. परिषदेत गावोगावच्या नळाच्या पाण्याची चव घेतात, पहिल्या आलेल्या गावाला चषक देतात. तीन परक्या परीक्षकांनी आपल्या पाण्याला चांगलं म्हटलं, तर कूकाही म्हणेल, असा त्याचा हिशेब होता. त्याला चषक हवा होता तो फक्त एका माणसाला दाखवायला.

ही परिषदेची माणसं मला फार आवडतात. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर ती आधी पिशवी ठेवत नाहीत. आधी नळ सोडतात, पेला भरतात, खिडकीच्या उजेडात धरतात, वास घेतात, मान हलवतात, आणि मग बूट काढतात. दिवसभर मोठ्या दालनात पंपांभोवती अशी घुटमळतात जशी बायकामंडळी नव्या बाळाभोवती. सांडपाणीवाले कोटाला सोनेरी फावड्याची मानाची पिन लावून ताठ मानेनं फिरतात, आणि जेवताना, सगळ्यांसमोर, गाळाबद्दल बोलतात. शेजारचा माणूसही तितक्याच आवडीनं ऐकतो आणि आणखी भात घेतो.

त्यातलाच एक डेल्बर्ट त्सिनी. उत्तरेकडचा, नवाहो जमातीचा, तीस वर्षं मैलापाण्याच्या केंद्रावर. चेबोचा हा वर्षातून तीन दिवसांचा जिवलग. दोघं शेजारी बसायचे आणि एकमेकांची सालटी काढायचे. तिसऱ्या की चौथ्या वर्षी डेल्बर्टनं माझं झाकण उघडून नाक लावलं.

"चेबो, हे प्यायचं आहे की यात पोहायचं आहे?"

"तीस वर्षं मैल्यावर काढलेल्या नाकानं माझ्या पाण्याबद्दल बोलू नये," चेबो म्हणाला. टेबल हसलं, आणि खरी गोष्ट हसण्यात वाहून गेली.

कारण डेल्बर्टचं बरोबर होतं. पाण्यात खोट नव्हती, खोट माझ्यात होती. चेबोचा सगळा जन्म जंतूंच्या मागे लागण्यात गेलेला. नमुना घ्यायचा तर आधी नळाचं तोंड क्लोरीननं पुसायचं, ही त्याच्या हाताची सवय. मला तर तो जावयासारखा जपायचा. परिषदेच्या आदल्या दिवशी माझ्यात कडक क्लोरीन भरायचा, झाकण घट्ट लावायचा, आणि संध्याकाळी ते ओतून तसंच नळाचं पाणी भरायचा. मधे विसळायचा नाही. विसळलं तर पुन्हा जंतू शिरतील ना! त्या वासानं माझा घसा जळायचा, आणि परीक्षक पेला ओठाला लावून लगेच खाली ठेवायचे. गुणांचे कागद ते कुणाला दाखवत नसत. चेबो दरवर्षी घरी येऊन म्हणायचा, पुढच्या वर्षी आणखी नीट धुतो. मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते फक्त ओतण्यासाठी.

बारावं वर्ष त्याचं शेवटचं. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. परिषदेत त्याचा सत्कार ठरला होता, म्हणून या खेपेला कूकाही येणार होती. संध्याकाळी त्यानं मला नेहमीसारखं भरलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं, 'हे पाणी मी परवानाधारक माणसानं स्वतःच्या हातानं भरलं आहे' या अर्जावर सही केली आणि झोपायला गेला.

पहाटे कूका उठली. डोळ्यांवर झोप होती, विकतचा कॅन रिकामा होता. तिनं समोरचा बुधला उचलला आणि माझ्यातलं अर्धं पाणी कॉफीच्या भांड्यात ओतलं. वाफ आली, तशी ती नाक धरून मागे सरली. मग तिनं माझं झाकण हुंगलं. मग तिला समजलं की आपण काय ओतलं आणि हे गेली अकरा वर्षं कशानं हरतंय. तिनं बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. चेबो अजून घोरत होता.

तिनं सगळं मोरीत ओतलं. मला साबणानं धुतलं, गरम पाण्यानं तीनदा विसळलं, कॉफीचं भांडंही धुतलं. आणि मला आपल्या नळाखाली धरलं. मी गळ्यापर्यंत भरलो. वास उरला आहे का, हे पाहायला प्यायल्याशिवाय इलाज नव्हता. तिनं पेल्यात थोडं ओतलं, खूप वेळ बघितलं, आणि प्यायली. नंतर पुन्हा ओतलं आणि पुन्हा प्यायली. ओट्याला टेकून ती तशीच उभी राहिली. चेबोच्या चपलांचा आवाज आल्यावर तिनं माझं झाकण लावलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. गाडीतल्या तीन तासांतही नाही.

दुपारी परीक्षकांनी बिस्किटं खाऊन तोंडं स्वच्छ केली आणि क्रमांक घातलेले पेले एकामागून एक घेतले. माझ्या पेल्याशी बाई परीक्षक थांबल्या आणि पुन्हा एक घोट घेतला. संध्याकाळी सत्काराच्या जेवणात निकाल लागला. पहिला क्रमांक, पोसो व्हिएहो.

चेबो मंचावर गेला. मला आणि चषकाला त्यानं दोन बाजूंना धरलं. त्याला भाषण येत नाही, म्हणून तो आपल्या कामाबद्दल बोलला. मला कसं दरवर्षी कडक क्लोरीननं धुतो आणि मुळीच विसळत नाही, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. दालनातल्या सहाशे पाणीवाल्या माणसांना लगेच कळलं की तसं पाणी पहिलं येणं शक्य नाही. त्यांना एकमेकांकडे बघायची गरज नव्हती. डेल्बर्टनं कपाळाला हात लावला. परीक्षक बाईंनी आपल्या कागदाकडे पुन्हा पाहिलं.

कूका गप्प बसली असती तर चषक घरी आला असता. पण ती उठली, मधल्या वाटेनं चालत मंचापाशी आली.

"चेबो, ते पाणी तू भरलेलं नाही. तुझं मी कॉफीत ओतलं. हे मी भरलंय, आपल्या स्वयंपाकघराच्या नळाचं."

चेबोनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला नियम माहीत होता, अर्जावर त्याची सही होती. पण त्यानं नियमाचं काही विचारलं नाही.

"भरताना चाखलंस?"

"चाखलं."

"मग?"

"दुसरा पेला घेतला," कूका म्हणाली.

त्यानं चषक परीक्षक बाईंच्या हातात दिला. अर्ज खोटा ठरला आहे, दुसऱ्या गावाला द्या, असं शांतपणे सांगितलं. आणि मला दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली उतरला. डेल्बर्ट रडत होता. मैल्याच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, हे निमित्त त्याला आज सांगता येईना.

चषक आता पलीकडच्या खाणीच्या गावात आहे. मी कूकाच्या फ्रीजमध्ये आहे. शनिवारची फेरी बंद झाली, कॅनमध्ये तिनं कोरफड लावली. रोज सकाळी ती मला नळाखाली भरते, आणि निवृत्त झालेला चेबो दारात उभा राहून कान देतो.

तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं भांडं असेल, कुणीतरी फार जीव लावून घासत असेल. त्याला एवढंच सांगा की शेवटी एकदा साध्या पाण्यानं विसळ. मला हे बारा वर्षं सांगता आलं नाही.

आजही कूकानं पेला भरला. चेबोनं विचारलं, "कसं आहे?"

"पाण्यासारखं आहे," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी दुसरा पेला ओतला.