अर्धे जुने पाणी

मेंदूच्या पेशी जगवणे कोरिनला साधले होते. त्यांना बोलते करणे साधत नव्हते.

अॅडलेडच्या त्या प्रयोगशाळेत तीन वर्षे तो एकच पोषकद्रव घडवत होता. विकतचा द्रव साखरेने ओथंबलेला. त्यात पेशी तुकतुकीत दिसत, पण एकमेकींना विजेचे संकेत न देता, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारख्या मुक्या राहत. कोरिनचा द्रव मेंदूभोवतीच्या पाण्यासारखा सौम्य, किंचित खारा होता. मात्र विकतच्या द्रवातून त्यात आणलेल्या तीन बशांतल्या पेशी एकामागून एक मेल्या. आता चौथी बशी, शेवटची. सोमवारी तिच्यातून विजेची लहर उमटली नाही, तर हे काम बंद, असे विभागप्रमुख रॉसलिनने बजावले होते.

बुधवारी सकाळी तो नळीने बशीतला जुना द्रव शोषून घेऊ लागला.

"सगळा काढतोयस?" शेजारून ग्लेनिसने विचारले. पेशींना भरवण्यात तिची सत्तावीस वर्षे गेली होती.

"थेंबभर साखर उरली तरी माझी कृती गढूळ होते, ग्लेनिस."

"कृती सोवळ्यात राहील राजा, आणि पेशी मसणात जातील! नेहमी अर्धा द्रव मागे का ठेवतात?"

"रीत आहे म्हणून."

"रीत म्हणे! माझी घरची आल्याची जिंजर बियर चाळीस वर्षं कशावर चाललीय? अर्धं विरजण बरणीत ठेवते, त्यावर. जुन्या पाण्यात पेशींनी स्वतःचं काहीबाही सोडलेलं असतं. तू त्यांना परक्या घरी नेतोस, तेही अंथरूण हिसकावून."

कोरिनचा हात थबकला. पोर्ट पिरी हे आपले गाव सोडून तो या शहरात आला, तेव्हा आईने कोरी करकरीत चादर दिली होती. तिच्यावर त्याला महिनाभर झोप लागली नव्हती.

त्याने नळी बाजूला ठेवली. बुधवारी अर्धा द्रव बदलला, शुक्रवारी अर्धा, रविवारी अर्धा. जुने पाणी विरळ होत गेले. संपले मात्र नाही.

सोमवारी पेशींची वीज मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट होती. खिडकीबाहेर जॅकरँडाची जांभळी फुले वाऱ्याशिवायच गळत होती. रॉसलिनने घड्याळ पाहिले. तेवढ्यात रेघ थरथरली, थांबली, मग बशीच्या दुसऱ्या टोकाची रेघही हलली, जणू दूरच्या हाकेला कुणी झोपेतून ओ दिली.

"यंत्राचा दोष नाही ना?" रॉसलिनने विचारले.

"यंत्र इतकं लाजत नाही गं," ग्लेनिस म्हणाली.

थरथर पुन्हा उमटेपर्यंत कोरिन पडद्यासमोर उभा राहिला. मग त्याने वही ओढली आणि तीन वर्षे जपलेल्या कृतीखाली एक ओळ वाढवली: प्रत्येक वेळी अर्धे पाणी त्यांचेच राहू द्यावे.