शाळेचं मागे पडलेलं घड्याळ

मोठ्या बाई शाळेत रुजू झाल्या, त्याच वर्षी बेकरीवाल्याची थोरली पहिलीत आली. सकाळी घरोघरी पाव पोचवायचे आणि मग शाळा. पोरगी धापा टाकत फाटकाशी यायची आणि नेमकी घंटा व्हायची. घंटा ऐकली की लाजेनं मान खाली घालून आल्या पावली परत! बाईंनी समजावलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका संध्याकाळी त्या स्टुलावर चढल्या आणि व्हरांड्यातल्या घड्याळाचा काटा जरासा मागे सरकवला. दुसऱ्या दिवशी पोरगी घंटेच्या आधी वर्गात! बाईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी कोणावर डोळेसुद्धा वटारले नाहीत.

थोरली चौथी पास होऊन गेली. पण काटा पुढे करायचा म्हटलं की कोणीतरी आडवं यायचं. कधी शिंप्याचा लंगडणारा मुलगा, कधी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणारी ताई. असं करता करता दहा वर्षं सरली. पत्रे जाऊन स्लॅब आला, बाईंचे केस पिकले, घड्याळ तेवढं मागेच राहिलं. आपली ही चोरी कोणालाच ठाऊक नाही, अशी बाईंची पक्की समजूत होती.

आता बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी, "अहो, हे मागे आहे की!" म्हणत काटा बरोबर लावून टाकला.

यंदा नर्सची चिमणी होती. आई रात्रपाळी संपवून घरी यायची, लेकीच्या वेण्या घालायची, मग दोघी पळत सुटायच्या. ही पोर घंटा ऐकून माघारी फिरली तर? पण खरं सांगायला मोठ्या बाईंची जीभ रेटेना.

सकाळी घंटा झाली. मैदानात चिटपाखरू नाही.

"आज सुट्टी आहे का?" नव्या बाई गोंधळल्या.

थोड्या वेळानं अख्खी शाळा गप्पा हाणत, रमतगमत फाटकाशी आली. मुलांच्या मधोमध आईचं बोट धरून चिमणी होती. बेकरीवाला धाकट्याला सोडायला आला होता.

"बाई, आज घंटा लवकर कशी? मोबाइलची वेळ वेगळी, शाळेची वेगळी, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. घरचं घड्याळ शाळेशीच जुळवलंय आम्ही." मग आवाज उतरला. "माझ्या थोरलीसाठी काटा मागे केला होतात ना तुम्ही? आम्ही विसरलो नाही."

बाईंचे डोळे भरून आले.

चिमणी मात्र फाटकातच थबकली होती. "घंटा झाली?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

नव्या बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे.

"नाही गं राणी, नुसती वाजवून पाहिली. ये आत," त्या म्हणाल्या आणि स्टूल घड्याळाखाली ओढलं.