चार किलोंचा पट्टा

“श्वास सोडा. अजून. सगळा सोडा, उद्यासाठी शिल्लक ठेवू नका,” असं म्हणत मास्तरिणीने वर्कशॉपच्या फोरमनच्या पाठीला गुडघा टेकवला आणि कॅनव्हासच्या पट्ट्याचे बंद दोन्ही हातांनी ओढले. फोरमनचा चेहरा लालबुंद झाला, पण पोट चांगलं दोन इंच आत गेलं.

“यात बसता येईल ना?” त्याने कसंबसं विचारलं.

“बसायला कोणी सांगितलंय? उभं राहायचं, माप द्यायचं, बाहेर येऊन सोडायचा. आणि हसायचं नाही. गेल्या वर्षी तुमचा तो वेल्डर हसला, पट्टा फाटकन सुटला आणि नर्सबाई दचकल्या.”

बस डेपोच्या मागच्या अंगाला गणवेश शिवायची खोली होती, ती तिची. टेलरला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. बाकी तिने जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. कंपनीने कामगारांसाठी आरोग्य विम्याची नवी योजना आणली तेव्हापासून वर्षातून एकदा या खोलीत अशी झुंबड उडे. योजनेत राहायचं तर दरवर्षी तपासणी करून घ्यायचीच. चुकवली तर स्वतःसकट बायकोमुलांचा विमा बंद. कंबर ठरल्या मापापेक्षा मोठी निघाली की नावापुढे लाल शेरा, आणि मग वर्षभर आहारतज्ज्ञ बाईंचे फोन. ब्रेक फेल झाला तरी न डगमगणारे ड्रायव्हर त्या फोनांना टरकून असत.

नर्स शर्टावरूनच टेप लावते हे मास्तरिणीने पहिल्याच वर्षी हेरलं आणि पट्ट्याची युक्ती काढली. दोन इंचांनी कोणाचं काय बिघडतंय, असं तिचं म्हणणं. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि आदल्या दुपारपर्यंत तिने अकरा पोटं आवळून पट्टे बेतून दिले होते.

फोरमन अवघडल्यासारखा चालत बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग दादा आत आला. दादा म्हणजे तिचा थोरला सख्खा भाऊ. तीस वर्षं याच डेपोत बस चालवत होता, आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. त्याने आत येऊन दाराला कडी घातली.

“तुला रे कशाला पट्टा?” ती हसून म्हणाली. “तू तर चांगला बारीक झालायस की. वहिनी सांगत होती, गोड सोडलंस म्हणून.”

दादाने जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. शर्टाचं टोक वर केलं. पॅन्टच्या कमरेला चारही बाजूंनी चुण्या पडल्या होत्या आणि चामडी पट्ट्याला दाभणाने पाडलेली पाच नवी भोकं होती.

मास्तरिणीच्या गळ्यात टेप होती. ती तिने काढली नाही. तेहतीस, फार तर साडेतेहतीस. तिला नुसत्या नजरेला कळत होतं. गेल्या वर्षी ही पॅन्ट तिनेच अडतीसची शिवली होती.

“गोड नाही सोडलं मी,” दादा म्हणाला. “जेवतो पहिल्यासारखाच. पार्सलच्या काट्यावर वजन करून बघितलं. एकाहत्तर भरलं. गेल्या तपासणीत ब्याऐंशी होतं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“कोण डॉक्टर?”

डेपोतल्या झाडून साऱ्या माणसांची कंबर तिला पाठ होती, आणि सख्ख्या भावाच्या अंगावरची पॅन्ट सैल होत गेली ते तिने पाहिलं नव्हतं. उलट मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटून ‘तब्येत छान राखलीस’ म्हणाली होती. ते आठवून तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं की सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवतात,” दादा सांगू लागला. त्याने सगळा हिशेब करून ठेवला होता. “त्यांचा कागद येईपर्यंत गाडी काढून घेतात. पंचाहत्तर दिसलं तर नुसती शाबासकी देऊन सोडतील. चार किलो पाहिजे मला. बसच्या पडद्यांना खाली शिसं घालतेस ना तू? ते पट्ट्यात भर. वरून थोडा कापूस घाल, म्हणजे कंबरही दिसेल.”

“हॉस्पिटलचं सगळं विम्यातून होतं, दादा. तपासतील, औषध देतील.”

“हात दाखवून अवलक्षण कशाला? सात महिने राहिलेत. सीटवरून उतरून घरी जाईन, मग बघू.”

“कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“तू नाही शिवलंस तर मी शिवीन,” तो म्हणाला. “मीही शिंप्याचाच पोरगा आहे.” मग त्याचा आवाज खाली आला. “आणि हे वहिनीला, त्या नर्सला, कोणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

लहानपणी पतंगाच्या भांडणातही तो असली शपथ घालायचा आणि ती घाबरून गप्प बसायची. आता पन्नाशी उलटली तरी ती तशीच घाबरली.

“नाही बोलणार,” ती म्हणाली. “संध्याकाळी घेऊन जा.”

तो गेल्यावर तिने दोन ड्रायव्हरांना उद्या सकाळी या म्हणून पिटाळलं. निळ्या जाड कापडाचा पट्टा बेतला, त्यात कापूस भरला, खालच्या कडेला बोटभर रुंदीचे कप्पे पाडले. शिशाचे तुकडे वजन करून एकेका कप्प्यात सोडले. मग मशीनवर कड बंद करून घेतली. निळा दोरा, बारीक टाका, तिच्या हातची नेहमीची शिलाई. तिने पट्टा उचलून झटकला. एक तुकडा जागचा हलला नाही.

हे काम सुंदर झालं होतं, आणि तिला ते बघवेना. या सात महिन्यांत दादाचं वजन आणखी किती उतरेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि लगेच दुसरा आला, की सात महिन्यांनी घरी जायला दादा असेलच कुठे. तिने कात्री घेऊन खालची सगळी कड उसवली.

डब्यातून तिने कच्च्या शिलाईचा धागा काढला. कपडा मशीनखाली घेण्याआधी तात्पुरता धरून ठेवायला लागतो तो, पांढरा, एका झटक्यात तुटणारा. त्याचे तिने हाताने बोट बोट लांबीचे टाके घातले. न बोलण्याचा शब्द तिने तोंडाने दिला होता. हातांनी काहीच कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी दादा आला, तेव्हा पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. त्याने तो काखोटीला मारला आणि न उघडताच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोच्या जेवणाच्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवली होती. एका बाजूला रक्त घेत होते, एका बाजूला रक्तदाब, आणि खिडकीपाशी कंबर आणि वजन. कंपनीचे कार्मिक अधिकारी यादीवर खुणा करत बसले होते. मास्तरीणही कामगारच, म्हणून तिचाही नंबर होता. ती दादाच्या मागे चार माणसं सोडून उभी राहिली. धागा खोलीच्या दारातच तुटला तर? आणि तुटलाच नाही तर? या दोहोंतलं कशाला जास्त भ्यावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

“हात वर करा, काका,” नर्स म्हणाली.

दादाने हात वर केले. टेप फिरली. “सदतीस. वा, एक इंच कमी केलात.”

काही झालं नाही. मास्तरिणीने डोळे मिटून घेतले. ओरडावं, सगळ्यांसमोर शपथ मोडावी, असं तिच्या ओठावर आलं.

“आता काट्यावर या.”

दादाने उजवा पाय उचलून काट्यावर ठेवला. फरशीवर टक् असा आवाज झाला. मग दुसरा. मग पॅन्टच्या पायातून शिशाचे तुकडे एकामागून एक गळू लागले आणि खोलीभर घरंगळत गेले. एक तर थेट अधिकाऱ्यांच्या खुर्चीखाली जाऊन थांबला. कोणी हसलं नाही. दादा काट्यावर तसाच उभा राहिला आणि त्याच्या समोरचा आकडा उतरत उतरत एकाहत्तरवर येऊन थांबला.

नर्स तरुण होती, पण शहाणी होती. तिने आधी आकडा पाहिला, मग जुना कागद, मग दादाचा चेहरा. फरशीकडे तिने पाहिलंच नाही. “खुर्ची द्या त्यांना,” ती म्हणाली. “काका, बसा. किती दिवस झाले असं व्हायला लागून?”

“हे शिवलंय कोणी?” अधिकाऱ्यांनी तुकडा उचलून विचारलं. खोलीत शिवणारी एकच बाई होती, तरी त्यांनी विचारलं.

“मी,” मास्तरीण रांगेतून पुढे आली. “याआधीचेही मीच शिवलेत. कमी करायचे.”

तिच्या मागे फोरमनने हळूच शर्टात हात घालून बंद सोडला आणि मोठा श्वास घेतला. त्याच्या मागच्यानेही घेतला.

“सोमवारी मला येऊन भेटा,” अधिकारी म्हणाले.

“भेटते,” ती म्हणाली आणि खाली वाकून तुकडे गोळा करू लागली.

नर्सने हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. आजच जायचं, आत्ताच, कंपनीच्या गाडीतून, आणि सोबत घरचं कोणीतरी हवं. “मी घरचीच आहे,” मास्तरीण म्हणाली.

गाडीत दादा मागच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत मागे बसलेला दादा तिने कधी पाहिला नव्हता. गाडीचा ड्रायव्हर कोवळा होता, सिग्नलला उशिरा थांबायचा, आणि प्रत्येक वेळी दादाचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. तो खिडकीबाहेर बघत होता. आता शिव्या घालील म्हणून ती वाट बघत होती. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“दादा, बोल की काहीतरी.”

“बाबांच्या दुकानात,” तो बाहेर बघतच म्हणाला, “कच्चे धागे उपसायचं काम कोणाकडे होतं?”

“तुझ्याकडे.”

“शाळेतून आलो की पहिलं तेच करायचो. सकाळी डेपोच्या बाथरूममध्ये पुडकं उघडलं मी. निळं कापड, पांढरा धागा, हे एवढे लांब टाके.”

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुला माहीत होतं?”

पुढे सिग्नल लाल झाला. दादाचा पाय मॅटवर दाबला गेला आणि गाडी थांबली तरी तसाच दाबलेला राहिला.

“वहिनीला फोन तू लाव,” तो म्हणाला. “मला बोलायला जमायचं नाही.”