थोडी कलती करा, मग किक मारा

मित्रांनो, हसू नका! मी एक जुनी स्कूटर आहे. माझा निळा रंग उडालाय, आरसा एकच उरलाय आणि हॉर्नला कायमची सर्दी झालीय. पण बरकतपुऱ्यात विचारा, लक्ष्मणरावांची स्कूटर म्हटलं की लोक आजही घर दाखवतात.

कारखान्यातून आले तेव्हा काय माझा थाट! लक्ष्मणरावांनी हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढे कित्येक वर्षं ते माझ्यावरून रुबाबात कचेरीत जायचे. मग ते निवृत्त झाले, घरात मोटार आली आणि मी जिन्याखाली गेले. मांजरीनं माझ्या सीटवर पिल्लं घातली, बोला!

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, त्रिवेणीनं. ती अंबरपेठेतल्या व्यसनमुक्ती केंद्रात काम करते. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसाला फाटकापाशीच गाठायचं आणि थेट केंद्रात आणायचं, हे तिचं काम. कारण फाटकाबाहेर जुने दोस्तही उभे असतात. सुटकेच्या खुशीत पहिला पेला तेच पाजतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

यंदा ओमकार सुटणार होता. कल्लूपायी, म्हणजे ताडीपायी, त्यानं चोरी केली होती. उपचार फुकट मिळायला आरोग्य कार्ड हवं आणि त्यासाठी घरच्या रेशन कार्डावर नाव हवं. ते तर त्याच्या आईनं, पद्मावतीबाईंनी, रागाच्या भरात काढून टाकलं होतं. त्रिवेणी कितीदा तरी त्यांच्या दारी गेली.

"नक्को गं बाई," त्या म्हणायच्या. "माझी भांडी विकून प्यायला तो. पोरगा नाही, वैरी आहे वैरी!"

शेवटच्या खेपेला मात्र त्यांनी नुसता चहा दिला. हो नाही, की नाही नाही.

ओमकार फाटकाबाहेर आला तसा एक दोस्त पुढे झालाच. "आओ रे, थोडा बैठके जाते!"

"बैठेगा, पण मेरी गाडी पे. हटो!" त्रिवेणी म्हणाली. मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

आणि मित्रांनो, माझं नशीब पाहा. मी बंद पडले ती नेमकी कल्लूच्या दुकानासमोर. बरेच महिने सर्व्हिसिंगच झालं नव्हतं माझं. आंबूस वास येत होता. ओमकार खाली उतरला आणि दुकानाकडे बघत राहिला. एक पाऊल पुढेही टाकलं त्यानं. माझा तर जीव टांगणीला लागला.

त्रिवेणी किक मारून घामाघूम झाली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "ओमकार, मला एकटीला जमत नाहीये रे. हिला जरा कलती धरतोस?"

आम्हा जुन्या स्कूटरींना थोडं कलतं केलं की पेट्रोल उतरतं. ओमकार क्षणभर घुटमळला. मग वळला, आणि मला पोटाशी घेऊन धरलं. त्रिवेणीनं किक मारली आणि मी अशी सुरू झाले, अशी सुरू झाले!

"अक्का, कार्ड नाही म्हणून परत पाठवतील ना मला?" त्यानं मागून विचारलं. तिनं माझा वेग वाढवला.

केंद्राच्या पायरीवर पद्मावतीबाई बसल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड होतं. "नाव घातलंय परत," त्या म्हणाल्या. "आता काढायला लावू नकोस, राजा." माय-लेक दोघंही रडली. माझाही एक थेंब गळला, पेट्रोलचा का असेना.

तेवढ्यानं सगळं निभावलं असं नाही हं. मधे एकदा तो पुन्हा प्यायला. त्रिवेणी मला घेऊन गेली आणि त्याला परत घेऊन आली. आता औषधाला येतो तेव्हा तो आधी माझा प्लग पुसतो.

म्हणून बाळांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. कुणी रस्त्यात बंद पडलं तर त्याला लगेच भंगारात काढू नका. जरा कलतं करा, पोटाशी धरा आणि पुन्हा किक मारा. पहिल्या किकला मी तरी कुठे सुरू होते?