सोलरचं पाणी

श्यामसुंदर सरांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे. खपणार कसं? एकतीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं. मिठागरात कोण राहतं, गरम पाण्याच्या झऱ्यात कोण, गाईच्या पोटात कोण, डबक्याच्या गाळात कोण, या एकपेशीय मंडळींचे पत्ते त्यांना तोंडपाठ. बायकोच्या गोळीची वेळ तेवढी कधी लक्षात राहिली नाही.

सुनीतीबाईंना सायनसचा जुना त्रास. योगवर्गात त्या जलनेती शिकल्या. तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीत पाणी घालायचं, दुसरीतून काढायचं. पाणी आधी खळखळून उकळायच्या, मग निववायच्या.

"अगं, गॅस कशाला जाळतेस?" सर एकदा म्हणाले. "सोलरचं पाणी कोमटच येतं. चिमूटभर मीठ टाक. गोड्या पाण्यातला जीव मिठात आकसून मरतो."

"अहो, पण वर्गात उकळूनच घ्या म्हणतात."

"त्यांनी कुठे शिकवलंय मायक्रोबायॉलॉजी?"

झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून नेती सोलरच्या पाण्याने.

बाराव्या दिवशी बाईंचं डोकं ठणकायला लागलं. ताप चढला, मान ताठ झाली. मुलगा सौमित्र हिंजवडीहून धावत आला, तर त्यालाच विचारू लागल्या, "आपण कोण?" मग तडक हॉस्पिटल.

"मेंदूज्वर दिसतोय," डॉक्टर ऋतुजा म्हणाल्या. "औषध सुरू केलंय. नाकात पाणी गेलं होतं का? पोहायला वगैरे?"

सरांच्या तेव्हाच लक्षात आलं. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहणारा आणि नाकातून थेट मेंदूत शिरणारा एक अमीबा असतो. त्याचाही पत्ता पाठ होता की! दरवर्षी फळ्यावर काढायचे. गच्चीवरची टाकी दोन वर्षांत धुतलेली नव्हती, आणि चिमूटभर मिठाला तो भीक घालत नाही.

सांगायचं ना मग! पण शेजारी मुलगा उभा होता.

"पोहायला? छे! तिला पोहता येत नाही," सर म्हणाले. अक्षरन् अक्षर खरं. साध्या जिवाणूंचाच असेल, तोच जास्त वेळा होतो, उतरेल ताप, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सुनीतीबाईंना झटके आले, व्हेंटिलेटर लावावा लागला. तेव्हा कुठे सरांचं तोंड उघडलं. "नेती करत होती. सोलरच्या पाण्याने. मीच सांगितलं होतं."

डॉक्टर ऋतुजा धावल्याच. औषध बदललं, पाठीतल्या पाण्याचा नमुना पुन्हा तपासला. अमीबाच होता. "फार थोडे वाचतात यातून," त्या म्हणाल्या, "पण पहिल्या दिवशी कळलं असतं, तर काहीतरी आशा होती."

संध्याकाळी सुनीतीबाई गेल्या.

सौमित्र बाकावर वडिलांना टेकून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "तुमचा काय दोष, बाबा. आज लक्षात आल्याबरोबर सांगितलंत की."

मान हलवली असती तरी भागलं असतं. मुलगा उरला असता.

"आज नाही रे," सर म्हणाले. "परवाच आलं होतं."